कोकण किनाऱ्यावरील दीपगृहे : आपले अनुभव लिहा

कोकणात फिरायला येणारे किल्ला, देऊळ आणि पुळण आवर्जून पाहतात. दीपगृहाकडे मात्र सहसा दुरूनच पाहिले जाते. ज्यांनी एखादे दीपगृह आत जाऊन पाहिले असेल, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

रत्नदुर्गाच्या परिसरातील रत्नागिरीचे दीपगृह १८६७ सालचे आहे. मी गेलो तेव्हा वरच्या काचेच्या खोलीत पडदे ओढलेले होते. कारण विचारल्यावर तेथील कर्मचाऱ्यांनी समजावून सांगितले, की भिंग जसे दिव्याचा प्रकाश एकवटून समुद्रावर टाकते, तसेच ते बाहेरचे ऊनही एकवटून आत आणते आणि त्या उष्णतेने आतील यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. जवळून पाहिल्यावर कळते, की हे एकच जाड भिंग नसून एकाभोवती एक बसवलेल्या लोलकांची वर्तुळे आहेत. ही रचना फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची. इतका वेळ देऊन शिकवणारी माणसे पर्यटनस्थळी क्वचितच भेटतात.

* * *

मी खांदेरीविषयी लिहिते. थळच्या किनाऱ्यावरून होडी ठरवून जावे लागते आणि पावसाळ्यात तो बेत करूच नये. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी अडवणूक करूनही मायनाक भंडारी यांनी बेट सोडले नाही. पुढे त्याच इंग्रजांच्या राजवटीत, १८६७ साली, मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांसाठी येथे दीपगृह उभे राहिले. कोळी बांधवांचा वेताळ, तटावरच्या तोफा आणि हे दीपगृह, सारे एकाच फेरीत पाहता येते. २०२५ साली किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे. गर्दी वाढेल, तेव्हा कचरा परत आणण्याची शिस्त आपणच पाळली पाहिजे.

* * *

आमचे घर देवगडचे, मासेमारी करणारे. येथील दीपगृह १९१५ सालचे, किल्ल्यातच आहे. प्रत्येक दीपगृहाचे झोत किती सेकंदांनी यावेत हे ठरलेले असते आणि शेजारच्या दीपगृहाची लय वेगळी ठेवलेली असते. वडील अंधारात मनाशी आकडे मोजून होडी कोणत्या गावासमोर आहे ते सांगत. आता होडीवर जीपीएस आहे, तरी बंदरात शिरताना ते अजूनही झोत मोजतात. दिवसा दीपगृह पाहून झाल्यावर रात्री किनाऱ्यावर थांबून आपणही एकदा मोजून पाहावे.