सगळी ओळ कॉम्प्युटरला चालली आहे, मला भूशास्त्र घ्यायचं आहे

मानेवाड्याची_मुलगी

नमस्कार. मी नागपूरची. बारावी झाली. सीईटीत एवढे पर्सेंटाइल आहेत की एखाद्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागेल. आमच्या ओळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, सगळ्यांनी कॉम्प्युटर, आयटी नाहीतर एआय भरलंय. मैत्रिणी म्हणून राहिल्या, "तू पण तेच भर ना, सोबत जाऊ-येऊ." बाबांनी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशीही करून ठेवली.

मला मात्र बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्यायचं आहे. मामा कळमेश्वरकडे शेती करतो. त्याच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं तेव्हा मी सुट्टीत तिकडेच होते. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. त्याच्याखाली हातभर जाडीचा फिकट राखाडी थर लागला. त्यात नखाएवढे शंख होते, पार दगड झालेले. आणि खाली परत काळा पाषाण! मामाला पाण्याची चिंता, आणि माझ्या डोक्यातून तो थर जाईना. तेव्हापासून जे मिळेल ते वाचते आहे.

माझे प्रश्न दोन. मला हे खरंच आवडतं, की चारचौघांपेक्षा वेगळं काही करायचं म्हणून आवडतं, हे कसं ओळखू? आणि घरी काय सांगू? आई म्हणते, "दगडं पाहून पोट भरते का?" इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा पसंतीक्रम लवकरच भरायचा आहे.

पाषाणवाट

अगं, तुझ्या मामाच्या विहिरीत जे लागलं ते नागपूरचं वैभव आहे! साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते. दोन उद्रेकांच्या मधे मोठी उसंत मिळाली की तळी साचायची, त्यात गोगलगायी, झाडंझुडपं वाढायची. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. तू पाहिलेला राखाडी थर बहुधा अशाच तळ्याचा गाळ. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात आपल्याच टाकळीजवळ असे जीवाश्म गोळा केले, आणि ते जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेले. हिस्लॉप कॉलेजला नाव त्यांचंच.

नागपूर दख्खनच्या पाषाणाच्या अगदी पूर्व काठावर बसलंय. सीताबर्डीची टेकडी लाव्हाची. कामठीकडे गेलीस की वाळूचा खडक, ज्याला भूशास्त्रात कामठीचंच नाव आहे. उमरेडला कोळसा, मनसरला मँगनीज. भूशास्त्र शिकणाऱ्याला एवढं सगळं घराजवळ फार थोड्या शहरांत मिळतं.

आता तुझा पहिला प्रश्न. समज, उद्या तुमच्या ओळीतली सगळीच्या सगळी पोरं भूशास्त्राला गेली, आणि कॉम्प्युटरला एकटी तूच उरलीस. तरी तुला भूशास्त्रच हवंय का? रात्री शांतपणे स्वतःला विचार. उत्तर "हो" आलं, तर गर्दीचा आणि तुझ्या निवडीचा काही संबंध उरत नाही. "मग नको" असं आलं, तर तू अजूनही गर्दीकडेच बघून ठरवते आहेस, फक्त उलट्या बाजूने.

पण एवढ्यावर थांबू नको. शंख सापडला की कोणाचंही मन हरखतं. या कामाचा बराच वेळ शंख सापडत नाहीत. मी खनिज शोधाच्या कामात आहे. ड्रिलिंग केलं की जमिनीतून मनगटाएवढे दगडाचे दांडके निघतात, त्याला कोअर म्हणतो. ते पेट्यांत ओळीने मांडलेले असतात. पत्र्याच्या शेडमध्ये बसून एकेक तुकडा पाण्याने ओला करायचा, भिंगातून बघायचा, रंग, कण, भेगा, भेगेचा कोन लिहायचा. चुनखडी वाटली तर सौम्य ॲसिडचा थेंब टाकायचा, फसफसली तर नोंद. पुढचा तुकडा. संध्याकाळपर्यंत हेच, आणि दुसऱ्या दिवशी पुढची पेटी. मला यात समाधान मिळतं, कारण पेटी संपते तेव्हा जमिनीखालचं एक पान वाचून झालेलं असतं. पण माझ्यासोबत शिकलेल्या काहींना हेच काम नकोसं झालं, आणि त्यांनी वेळेत दुसरी वाट धरली. त्यात काही वाईट नाही. म्हणून म्हणते, असं काम आधी डोळ्यांनी बघ. लॉ कॉलेज चौकाजवळ विद्यापीठाचा पदव्युत्तर भूशास्त्र विभाग आहे. तिथे जाऊन शिकणाऱ्या मुलामुलींशी बोल. फील्ड डायरी दाखवा म्हण, ती कोणीही आनंदाने दाखवतं.

पोटाचं. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून पाच वर्षं धर, कारण बहुतेक चांगल्या जागांना पदव्युत्तर पदवी लागते. यूपीएससी भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा घेते, वय २१ ते ३२. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं, आणि भूजलवाल्यांना केंद्रीय भूजल मंडळात. एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं तर 'जॅम' परीक्षेत भूशास्त्राचा पेपर असतो. सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला आहे. भारतीय खाण ब्युरो, मँगनीज काढणारी मॉइल आणि कोळसा काढणारी वेकोलि यांची मुख्यालयं नागपुरात, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही इथेच. पण जागा थोड्या निघतात आणि भरती दरवर्षी सारखी होत नाही. खासगी कंपन्यांत बरीच कामं कंत्राटी असतात. हे सगळं माहीत असूनही मी हेच घे म्हणते, जर पाच वर्षं धीर धरायची तयारी असेल तर.

मिहानवाला

मी कॉम्प्युटर इंजिनीअर, नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीत नोकरीला. वरचं सगळं पटलं, फक्त एक गोष्ट जोडतो. मी गर्दीसोबत गेलो असं लोकांना वाटतं, पण मला शाळेपासून प्रोग्रॅमिंगचं वेड होतं आणि आजही कामावर जायला मजा येते. सगळे जातात म्हणून ती वाट खोटी ठरत नाही. कॉम्प्युटर तुला मनापासून नको असेल तर सोड, लोकांच्या रांगेचा राग म्हणून सोडू नको.

आणि "कॉम्प्युटर म्हणजे नोकरी पक्की" असं घरी कोणी म्हणत असेल, तर हे सांग. एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची मर्यादा तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांसाठी २०२४-२५ पासून उठवली. अनेक ठिकाणी याच शाखेच्या तुकड्या वाढल्या. चार वर्षांनी एवढे सगळे एकदम बाहेर पडतील. ज्याला यातलं खरंच येतं त्याला काम मिळेल, पण नुसत्या शाखेच्या नावावर भरवसा ठेवू नये.

उमरेडचे काका

पोरी, मी कोळसा खाणीत नोकरी करून रिटायर झालो. तुह्या बाबाले काहून भीती वाटते ते मले समजते. कर्जाच्या कागदावर सही त्यायची राहते. त्याईले "माह्यावर विश्वास ठेवा" एवढंच सांगून भागत नाही. एका कागदावर लिही. बी.एस्सी.ची फी किती, इंजिनीअरिंगची किती, कर्ज कितीनं कमी होते, कोणत्या वर्षी कोणती परीक्षा देशील, नाही जमलं तर काय करशील. हा कागद त्याईच्या हाती दे आन् गप बस. बापाले वाचाले वेळ लागते.

आमच्या वेळेस बाईले जमिनीखाली उतराले बंदी होती, १९५२ च्या खाण कायद्यात तसं कलमच होतं. जानेवारी २०१९ मधी सरकारनं सूट देली. त्या सूटीनं तांत्रिक आन् देखरेखीच्या कामासाठी बाई सकाळी ६ ते संध्याकाळी ७ खाली जाऊ लागली, तिची लेखी संमती लागत होती. घरचे म्हणतील का पोरीचं हे कामच नाही, तर हे दाखव त्याईले.

आन् एक. बी.एस्सी.ची पावती हातात येईपर्यंत इंजिनीअरिंगचा फॉर्म मागं घेऊ नको. दोन्हीच्या तारखा लिहून ठेव. गणित, फिजिक्स सोडू नको, पुढं गेट परीक्षेमधी जिऑलॉजी-जिओफिजिक्सच्या पेपरले कामी येते.

मानेवाड्याची_मुलगी

सगळ्यांचे आभार. ताई, तो उलटा प्रश्न मी स्वतःला विचारला. सगळी ओळ भूशास्त्राला गेली तरी मला जायचंच आहे, उलट सोबत फील्डवर जायला आवडेल!

काकांनी सांगितला तसा कागद केला. बाबांनी जेवण झाल्यावर वाचला, दुसऱ्या दिवशी परत वाचला. फीच्या आकड्यांवर ते काहीच बोलले नाहीत. विचारलं फक्त एवढंच, "मे महिन्यात ४५ डिग्रीत बाहेर फिरणार?" मला उत्तर देता आलं नाही. आई अजून नाराज आहे. बाबा म्हणाले, विभागात आपण दोघं जाऊ. ताई, मे महिन्यात खरंच फील्डवर जावं लागतं का?

पाषाणवाट

बाबांनी मुद्द्याचं विचारलं. फील्डचा मुख्य हंगाम पावसाळा संपला की सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत चालतो. मेमध्ये शक्यतो टेबलावरचं काम असतं, नकाशे, अहवाल, दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. पण ड्रिलिंग चालू असेल तर मशीनपाशी थांबावं लागतं, मग मे असो की जून. मी पहाटे पाचला निघते, अकराच्या आत चालणं संपवते, दुपारी शेडमध्ये कोअर बघते. डोक्याला दुपट्टा, पाणी भरपूर, सोबत एकजण असल्याशिवाय नाल्यात उतरत नाही. बाबांना जसंच्या तसं सांग, सोपं करून सांगू नको.

विभागात जाल तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास जा, दुपारी प्रॅक्टिकलची गडबड असते. आधी कार्यालयात चिठ्ठी लिहून भेटायची वेळ माग. मामाकडचा शंखवाला तुकडा असेल तर सोबत ने, आणि विहिरीत तो किती खोलीवर लागला हे मामाला विचारून कागदावर लिहून घे. पहिला प्रश्न तोच विचारतील. आईलाही घेऊन जा, तिथल्या मुलींशी तिला बोलू दे.