घाट उतरून सागरी मार्गाला : तुमचे अनुभव लिहा

मागच्या जानेवारीत आम्ही चौघं पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरलो. माणगावला मुंबई-गोवा महामार्ग फक्त ओलांडला आणि पुढचे पाच दिवस त्याचं तोंड पाहिलं नाही. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, आणि येताना आंबा घाटाने वर. गाडीच्या काट्यावर साडेसातशेच्या आसपास किलोमीटर झाले. नकाशात दोन गावं हाताच्या अंतरावर दिसतात आणि मध्ये खाडी आडवी येते. बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. प्रत्येक ठिकाणी गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर चढवायची आणि पलीकडे उतरवायची.

रेवस ते रेड्डी असा सलग सागरी मार्ग व्हावा ही कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे 1980-82 च्या काळातली. चाळीस वर्षं तो तुकड्यातुकड्यांनीच होत राहिला. आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलंय. पूल हवेतच. पलीकडच्या तीरावर रात्री कुणाचं दुखणं उद्भवलं तर काय होतं, ते तिथल्या माणसांना विचारावं. पण खाडीकाठी थांबून केलेला हा प्रवास पुढे असा राहणार नाही, म्हणून तो आत्ताच लिहून ठेवावा असं मनापासून वाटतं. कुठल्या घाटाने उतरलात, कुठे अडलात, काय पाहिलंत, काय चुकलं, सगळं लिहा. हॉटेलांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात.

घाटावरचा (कराड)

चांगला धागा काढलात. आम्ही नेहमी पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरतो आणि चिपळूणहून गुहागर गाठतो. माझं वय 68, गाडी आता मुलगा चालवतो. मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे भरती-ओहोटीचं गणित. किनाऱ्याने फिरणाऱ्याला ते यायलाच हवं आणि त्याला फोन लागत नाही.

1994 साली हेदवीला ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या आजींनी हे शिकवलं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरायला तेवढं पुरतं.

आजींनी त्याच दिवशी आम्हाला बामणघळीवर पाठवलं. हेदवीच्या समुद्रावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकात एक अरुंद भेग आहे. आम्ही सकाळी जाऊन पाहिली तेव्हा तळाशी पाणी नुसतं हलत होतं. मुलं म्हणाली, एवढंच? आजींनी पंचांग काढून दाखवलं. अमावास्या होती. म्हणाल्या, "साडेअकराला जावा परत." गेलो. लाट भेगेत शिरायची, आत कुठेतरी तोफेसारखा आवाज व्हायचा आणि पाण्याचा खांब सरळ वर उसळायचा. दहा पावलांवर उभे असूनही आम्ही नखशिखांत भिजलो. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला हा जोर नसतो, अमावास्या-पौर्णिमेची उधाणाचीच भरती हवी. आणि कृपा करून कडेला उभं राहून फोटो काढू नका. तो खडक शेवाळाने निसरडा असतो, आणि आत गेलेलं माणूस ती घळ परत देत नाही.

सुपारीची वाडी

काका, तुमचं गणित आमच्याकडेही आहे. माझे बाबा अजून तिथीवरच समुद्रावर जातात.

माझं माहेर श्रीवर्धन. दिवेआगरहून शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला येणारा रस्ता सगळ्यांना फोटोंमुळे माहीत झालाय. उजव्या हाताला खाली समुद्र, डावीकडे डोंगर. संध्याकाळी त्या रस्त्याने घरी येणं हे माझ्यासाठी सासरहून माहेरी येणं आहे, त्यामुळे तो मला सुंदर वाटतो की आपला वाटतो, ते वेगळं करता येत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. फोन बंद, वीज नाही, त्यात टाळेबंदी. मला जाता आलं ते नंतर तीन आठवड्यांनी. ताम्हिणी घाट तसाच होता, हिरवागार, धबधब्यांनी भरलेला. म्हसळ्याच्या पुढे मात्र एकेका डोंगराची झाडं एकाच दिशेला झोपलेली दिसायला लागली. आमच्या वाडीत आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी, पन्नास-साठ फूट उंच. वाडीत कायम गार काळोख असायचा, भर मे महिन्यात विहिरीजवळ अंगावर काटा यायचा. त्या दिवशी मी वाडीचं बेडं, म्हणजे फाटक उघडलं आणि समोर लख्ख ऊन. त्या वाडीत मी ऊन कधी पाहिलंच नव्हतं. आई पडलेल्या खोडांवर बसून कच्च्या सुपाऱ्या गोळा करत होती. मला बघून म्हणाली, "पाय जपून टाक, खाली तारा असतील."

आता नवी रोपं डोक्याच्या वर गेली आहेत. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या रस्त्याने जाल तेव्हा शेखाडीचा समुद्र जरूर बघा, पण गावात शिरल्यावर वाड्यांकडेही बघा. जिथे झाडं ठेंगणी दिसतील तिथे वादळ येऊन गेलंय असं समजा. आणि राहायचं तर गावातल्या घरात राहा. त्या वर्षी पुष्कळ घरं पाहुण्यांच्या खोल्यांवरच सावरली.

चौथा गिअर

कोल्हापूरहून गगनबावडा, तिथून करूळ घाट. गगनबावड्याला दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. करूळ वैभववाडीकडे उतरतो, भुईबावडा खारेपाटणकडे. धुकं होतं, बायको-मुलं मागे गाणी म्हणत होती आणि मी सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. गिअर वरचा. अर्ध्यात आल्यावर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला.

गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूच्या गटारीला चाक लावून गाडी थांबवली. हात थरथरत होते. मागून आलेला ट्रकवाला उतरला, चाकाजवळ वाकून म्हणाला, "भावा, पाणी बिणी मारू नकोस, डिस्क तडकंल. अर्धा तास गार होऊ दे." आणि मग म्हणाला, "घाट ज्या गिअरात चढतोस, त्याच गिअरात उतरायचा." एवढं वाक्य मला पंधरा वर्षं गाडी चालवून कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा-तिसरा गिअर ठेवायचा, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता. न्यूट्रल कधीच नाही. चढत्या गाडीला आधी वाट द्यायची.

पुढे कुणकेश्वरला पोचलो. देऊळ, समुद्र सगळं बघितलं, पण मला त्या दिवसातलं ते वळणच आठवतं.

दोन चाकं

रत्नागिरीच्या खालचा भाग कुणी लिहिला नाही, म्हणून मी. दोघी मैत्रिणी, दोन स्कूटर, डिसेंबर. भाट्याचा पूल, पावस, मग पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडीचं सुरूबन, कशेळी, आडिवरे, जैतापूर, देवगड, मालवण. उत्तरेला जसं जंगलजेटीसाठी थांबावं लागतं तसं इथे नाही, बहुतेक ठिकाणी पूल आहेत. रस्ता खाली खाडीला उतरतो, पूल ओलांडून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो, पुन्हा उतरतो. दिवसभर हेच. सड्यावर नुसता काळा-तांबडा कातळ, वाळलेलं सोनेरी गवत आणि वारा. त्या उघड्या सड्यावरून अचानक माडांत उतरायचं, यासारखं सुख नाही. पेट्रोल मात्र दिसेल तिथे भरून घ्या. पुढचा पंप जवळ असेल असं धरून चालू नका.

कशेळीला कनकादित्याचं देऊळ बघायला थांबलो होतो. तिथे एकाने विचारलं, हत्ती बघितलात का? आम्हाला वाटलं मूर्ती असेल. त्यांनी सड्यावर नेलं. पायाखाली कातळात कोरलेला हत्ती, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, इतर प्राणी. आधी काही दिसेच ना. नुसत्या चरा. ऊन कलायला लागलं तशी एकेका रेघेत सावली भरत गेली, आणि आपण सोंडेवर उभ्या आहोत हे लक्षात येऊन आम्ही दोघी पटकन बाजूला झालो. चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. भर दुपारी जाऊ नका, सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा, आणि जाणता माणूस बरोबर घ्या. चुकून त्यावरून गाडी नेणं फार सोपं आहे.

वेळासची पाहुणी

छोटासा अनुभव. मार्चमध्ये मुलाला घेऊन वेळासला, बाणकोटजवळ. पहाटे उठून समुद्रावर. कासवाच्या अंड्यांवर झाकलेली टोपली उचलली आणि खाली एकच पिल्लू. ऑलिव्ह रिडले कासवाचं, मुलाच्या तळहाताएवढं. शंभरेक माणसं दोरीमागे, चिडीचूप. ते चार पावलं चालायचं, थांबायचं. पाण्यापर्यंत पोचायला पंधरा मिनिटं लागली. मुलगा आठ वर्षांचा आहे, एक मिनिट गप्प बसत नाही. तो तेवढा वेळ श्वास धरून होता.

धोपावे-डोंबिवली

मी मूळचा दाभोळ खाडीच्या धोपावे काठचा. दाभोळ-धोपावे जंगलजेटी 2003 साली सुरू झाली. त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा होता. माणसं लाँचने जायची. माझी आत्या दाभोळला दिलेली. आमच्या अंगणातून तिच्या गावचे दिवे दिसायचे, पण गणपतीत ती येणार की नाही हे वाऱ्यावर ठरायचं. ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नसे. बाबा गुडघाभर चिखलात उतरून आजीला पाठुंगळी घ्यायचे. तिच्या एका हातात चपला, दुसऱ्या हातात आत्यासाठी बांधलेले घारगे. चिखलाला एक खारट, कुजका वास असतो. जेटीचं फाळकं खाली पडलं की आजही तोच वास येतो आणि मी काच खाली करतो.

मे महिन्यात मुलीला घेऊन जातोय, या वेळी कुंभार्लीने नाही, दापोलीकडून. तिने अजून आपलं गाव पाण्यावरून पाहिलेलं नाही. सकाळच्या पहिल्या बोटीची वेळ कुणी अलीकडे पाहिली असेल तर कळवा. तेव्हा भरती असली तर बरं.