थीम पार्कच्या रिसॉर्टवरची पहिली सहल : या, अनुभव लिहा

मे महिन्याचे बेत घरोघरी शिजायला लागलेत. "थीम पार्कला जायचंय, तिथल्याच हॉटेलात राहायचंय, बरोबर आई-बाबा आणि पोरं आहेत, झेपेल ना?" हा प्रश्न सध्या जो तो विचारतोय. तिकिटं, राईड, नकाशे यांची माहिती ढीगभर मिळते. तीन पिढ्या एकत्र निघाल्या की काय होतं, ते मात्र जाऊन आलेल्यांनाच विचारावं लागतं. म्हणून हा धागा. अनुभव परदेशातलाच हवा असं नाही, खोपोलीचाही चालेल. फोटो नकोत, हकीकत हवी. सुरुवात मीच करते.

आलेपाक

आम्ही न्यू जर्सीत. साताऱ्याहून आई-बाबा आले होते, लेक पाच वर्षांची. फ्लोरिडातल्या ऑरलँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क, विसाहून जास्त हॉटेलं आणि जवळजवळ १०० चौरस किलोमीटरचं आवार. बाहेर निम्म्या पैशांत स्वयंपाकघरासकट घर मिळत होतं, त्यामुळे 'आतच राहू' यावर घरात बरीच जुंपली. शेवटी आतलंच पण स्वस्तातल्या वर्गातलं पॉप सेंच्युरी घेतलं. आवारात राहिलं की पार्कात अर्धा तास आधी सोडतात, बस फुकट असते वगैरे फायदे सगळे सांगतात. माझ्या लेखी खरा फायदा दुपारच्या झोपेचा. साडेअकरा-बारा वाजले की खोलीवर यायचं, आंघोळ, थोडं खाणं, आडवं होणं, आणि पाचच्या सुमारास पुन्हा बाहेर. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी तीन-चारला बहुतेक रोज गडगडाट होतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राईड बंद. त्या वेळात बाहेरचे लोक प्लॅस्टिकचे रेनकोट घालून आडोशाला उभे असतात आणि आपण पंख्याखाली. "तिकिटाचे पैसे दिलेत, झोपायचं काय?" हे वाक्य आमच्याकडेही उच्चारलं गेलं. कोणी उच्चारलं ते सांगत नाही, तो हे वाचतो.

पॉप सेंच्युरीहून एपकॉट या पार्काला २०१९ पासून स्कायलायनर नावाचा रोपवे आहे. रायगडच्या रोपवेनंतर बाबांना हा दुसरा. तो उतरवतो एपकॉटच्या मागच्या दाराला. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची. मेक्सिको, नॉर्वे, चीन करत करत बाबांनी चक्क मोजदाद केली आणि विचारलं, "आपला देश दुरुस्तीला काढलाय का?" भारताचं दालन नाहीच.

मग पायांना विश्रांती म्हणून 'लिव्हिंग विथ द लँड'मध्ये बसलो. कोणाच्याही 'चुकवू नका' यादीत ही राईड वर नसते. होडी अगदी संथ, धक्का नाही, अंधारातून जाते आणि एकदम काचगृहात निघते. दोन्ही हातांना टोमॅटो, काकडी, भोपळे, केळी, पपया. काही वाळूत लावलेल्या, काहींची मुळं हवेत लोंबती आणि त्यांवर खताच्या पाण्याचा फवारा. बाबांची आल्याची शेती आहे, ठिबकवर. ते होडीच्या कडेवरून इतके वाकले की आईने सदरा धरला. "मुळं उघडी ठेवलीत, बुरशी कशी येत नाही? पाण्याचा ईसी (क्षारांचं प्रमाण) किती ठेवत असतील? हिला विचार." ही म्हणजे ध्वनिमुद्रित निवेदिका. इथलं पीक त्याच इमारतीतल्या खानावळीत वापरतात म्हटल्यावर तर दुपारचं जेवण कुठे, हा प्रश्नच मिटला. रांग नव्हती, म्हणून बाहेर पडून लगेच पुन्हा बसलो. लेकीला 'फ्रोझन'मधल्या एल्साची होडी हवी होती, तिने गाल फुगवले. आम्ही महिनाभर ज्या राईडचे वेळापत्रक बनवलं होतं त्यांची नावंही बाबांना आता सांगता येत नाहीत. गावात मात्र 'अमेरिकेत हवेत मुळं ठेवून टोमॅटो' हे अजून चालू आहे.

मुक्काम पोस्ट डॅलस

लहान पोरं असतील तर उंचीचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. त्याच डिस्ने वर्ल्डमध्ये सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच लागतात (साधारण ९७ सेंमी), स्पेस माउंटनला ४४ (११२ सेंमी). आमचा धाकटा चार वर्षांचा. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा, दर रविवारी मोजणी, आणि त्याचं भिंतीला टाचा लावून श्वास रोखून उभं राहणं. बुटांसकट मोजतात, त्यामुळे जाड तळव्याचे बूट घेतले. माइन ट्रेनपाशी काठी घेतलेली मुलगी होती. तिने त्याचे कुरळे केस तळहाताने दाबून बसवले, काठी आडवी धरली, ती कपाळाला टेकली. पास! पठ्ठ्याने तिथेच उड्या मारल्या. तासाभरात स्पेस माउंटनला नापास झाला आणि फरशीवर पालथा पडला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून चालले होते.

तिथे 'रायडर स्विच' मागा. मागावं लागतं, आपण होऊन कोणी देत नाही. सगळ्यांनी दारापर्यंत जायचं, धाकट्याकडे एक पालक थांबणार असं सांगायचं. पहिली जोडी रांगेतून जाऊन आली की थांबलेल्या पालकाला ती मोठी रांग लागत नाही. शिवाय तो बरोबर मोठ्या मुलाला नेऊ शकतो, म्हणजे थोरल्याची दोनदा चैन. थांबलेल्याने तोवर शेजारच्या पीपलमूव्हर या संथ गाडीत धाकट्याला फिरवायचं. त्याला उंचीची अट नाही.

आणि पैशांचं. तीन वर्षांखाली तिकीट नाही, दहाव्या वर्षापासून पूर्ण प्रौढ तिकीट. थोरल्याचा दहावा वाढदिवस डिसेंबरात, आम्ही नोव्हेंबरात उरकलं. तारखेनुसार दर बदलतात ते वेगळंच. तीन पुरी व्हायच्या आत बाळ नेलं तर पैसे वाचतात खरे, पण फोटो सोडता त्याला काय मिळतं ते मला कळलेलं नाही.

ठाण्याची आजी

माझं वय ७१, गुडघे त्याहून मोठे. मुलगा-सून-नातवंडं हाँगकाँगच्या डिस्नेलँडला घेऊन गेली. लांताऊ बेटावर आहे, २००५ सालचं. सनी बे स्टेशनावरून जी गाडी पार्कात नेते तिच्या खिडक्या उंदराच्या डोक्याच्या आकाराच्या, दोन कान वर. नातीने त्या खिडकीत स्वतःचं डोकं बसवून पाहिलं, कान काही भरले नाहीत.

ज्येष्ठांना तिकीट बरंच स्वस्त आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. पार्क आटोपशीर आहे. अमेरिकेतल्यासारखं चालावं लागत नाही असं माझ्या जाऊबाई सांगतात, त्या दोन्हीकडे जाऊन आल्यात. मला सर्वांत आवडली ती पार्काभोवती फिरणारी आगगाडी. बसायला बाक, वारा आणि कोणी 'आई, चला' म्हणत नाही. जंगलातल्या नदीच्या होडीला भाषेप्रमाणे तीन वेगळ्या रांगा असतात: कँटनीज, मँडरिन आणि इंग्रजी. आम्ही जी रांग सर्वांत छोटी दिसली तिच्यात घुसलो आणि कँटनीज विनोदांवर इतरांबरोबर हसलो. काही बिघडलं नाही.

रांगांचं म्हणाल तर जादा पैसे भरून लवकर आत जाता येतं. सुनेला ते समजावून सांगायला जड जात होतं. मी म्हटलं, अगं, लालबागला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसंच ना? फक्त इथे नवसाची रांग लवकर सरकते.

अजून एक गंमत. या पार्काचं मुख्य दार बांधताना फेंगशुईवाल्यांच्या सल्ल्याने १२ अंशांनी फिरवलं होतं. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना हे मी मुद्दाम सांगितलं. ते सध्या वास्तुशास्त्राप्रमाणे गेट हलवायच्या मागे आहेत, आता तर ऐकणारच नाहीत.

खंडाळा घाट

परदेशवारी न करता लिहिते. पुण्याहून खोपोलीचं इमॅजिका. २०१३ पासून आहे, दुसऱ्या वर्षी वॉटर पार्क झालं आणि २०१५ मध्ये दाराशी हॉटेल. आम्ही बरीच वर्षं 'सकाळी निघू, रात्री परत' हाच हिशेब केला होता, कारण घर दीड-दोन तासांवर. तिथे राहायचं कशाला, असं सासऱ्यांचं मत. यंदा दिरांची मुलंही होती म्हणून राहिलो, आणि फरक पडला तो गाडी चालवणाऱ्याला. एरवी दिवसभर उन्हात फिरून रात्री एक्सप्रेसवेच्या बोरघाटात ट्रकांमागे रांगायचं, मागे पोरं झोपलेली, आणि त्याने डोळे ताणून बसायचं. यंदा तो नायट्रो या रोलरकोस्टरमध्ये बसला. पाय अधांतरी लोंबकळत उलटा होऊन आला, आणि नंतर खोलीवर जाऊन घोरला.

राजासॉरसची होडी शेवटी धाडकन खाली येते, त्यात नखशिखांत भिजतो. ती सकाळी पहिल्यांदा करू नका. ओल्या जीन्सवर वातानुकूलित दालनांत फिरलेली आमची पुतणी दुसऱ्या दिवशी शिंकत होती. 'डीप स्पेस' ही राईड बंदिस्त आणि अंधारी आहे. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला आधी सांगून न्या, आत गेल्यावर नाही. पावसाळ्यात डोंगर सुरेख दिसतात, पण सरींचा जोर वाढला की उघड्यावरच्या राईड थांबतात. आणि नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहलींचा हंगाम. कामाच्या दिवशी गर्दी कमी असते म्हणून बुधवारी गेलात, तर गणवेशातल्या पोरांच्या लांबच लांब ओळी पुढे असतात आणि शिट्टीवाले सर मागे.

बाकरवडी

आम्ही सहल कंपनीबरोबर सिंगापूरला गेलो, त्यात सेंतोसावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज होतं. कंपनीचं नाव घेत नाही. पत्रकात 'पूर्ण दिवस' होतं. प्रत्यक्षात सकाळी दुसरं एक ठिकाण, मग साग्रसंगीत जेवण, आणि पार्काच्या दारात पोचेपर्यंत दुपार. "साडेसहाला सगळे फिरत्या पृथ्वीगोलापाशी!" असं सांगून व्यवस्थापक छत्री उंच धरून निघून गेले. गटातल्या निम्म्यांनी गोलापाशी फोटो काढण्यातच पाऊण तास घालवला.

आमच्या कॉलेजातल्या मुलाने डोकं चालवलं. काही राईडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते, दोघांच्या मध्ये उरलेली जागा भरायला. तो त्यातून गेला आणि एवढ्याशा वेळात आमच्या तिप्पट राईड करून आला. कुटुंबाने मिळून बसायचा हट्ट सोडला तर हे उत्तम.

पण कंपनीलाच नावं ठेवणं बरोबर नाही. आई-अण्णांना संध्याकाळी वरण-भात, कोशिंबीर मिळाली, त्यांच्या वयाची माणसं मिळाली, पत्त्यांचा डाव जमला. ते आजही सिंगापूर म्हटलं की त्या डावाबद्दल बोलतात. तरुण मुलं बरोबर असतील तर त्या एका दिवसापुरतं गटातून बाहेर पडून आपली तिकिटं आपण काढा. नुसते आई-वडील जात असतील तर सहल कंपनीच बरी.

गोराईची लाँच

इथे सगळे रिसॉर्टचं लिहितायत, आमच्या लहानपणी एस्सेल वर्ल्ड होतं. १९८९ ला सुरू झालं. लाँचने खाडी ओलांडायची, दिवसभर हुंदडायचं, संध्याकाळी मिठाने खारवलेले चेहरे घेऊन घरी. मुक्काम बिक्काम कोणी ऐकलंही नव्हतं. आता ते बंद आहे. माझ्या मुलांना सांगितलं तर "हॉटेल नव्हतं? मग तुम्ही चेंज कुठे केलं?"

मुक्काम पोस्ट डॅलस

@आलेपाक, आई-बाबांच्या खाण्याचं काय केलंत? आमच्याकडे सासूबाई अंडंही खात नाहीत, त्यावर अजून तोडगा नाही.

आलेपाक

खाद्यपदार्थ पार्कात न्यायला डिस्ने वर्ल्डमध्ये बंदी नाही, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू नको. त्यामुळे रोज पिशवीत दशम्या, चटणी आणि खाकरे. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात, पेल्यात. तिखट काही हवंच असेल तर ॲनिमल किंगडम लॉजमध्ये 'साना' म्हणून उपाहारगृह आहे. तिथे नानबरोबर वेगवेगळ्या चटण्या-रायत्यांचा ताट भरून संच येतो, आणि काचेपलीकडे जिराफ, झेब्रे चरत असतात. आईने जिराफाकडे पाहिलं नाही, रायत्यात काय घातलंय ते ओळखत बसली. अंड्याचं वाढप्याला आधीच सांगा, शेफ स्वतः टेबलापाशी येऊन सांगतो काय चालेल ते. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर अंडं चालतं असं धरतात. खोलीत मायक्रोवेव्ह नव्हता, पण खालच्या फूड कोर्टात होता. सकाळी गरम पाणी आणून तयार उपम्याची पाकिटं भिजवायचो. बाबा मात्र दुसऱ्याच दिवसापासून तिथले मिकीच्या आकाराचे वॉफल खायला लागले, कान आधी.

डिसेंबरात पॅरिसच्या डिस्नेलँडला कोणी गेलंय का? नणंद जर्मनीहून सासूबाईंना न्यायचं म्हणतेय. थंडीत उघड्यावरच्या राईड किती चालू असतात आणि बसायला उबदार जागा कुठे आहेत, ते कोणी लिहिलं तर बरं होईल.