मदत हवी आहे: फिटचं औषध चालू असताना ७२ तासांची गोळी घेतली, आता काय करू? (डिचोली)

नमस्कार, घाईत टाइप करतेय, सांभाळून घ्या. प्रश्न माझ्या नणंदेचा आहे, तिला विचारूनच लिहितेय. वय २७, मे महिन्यात लग्न झालं, नवरा शिपवर असतो, सुट्टी संपवून आज सकाळी मोपा विमानतळावरून गेला आणि ही चार दिवस माहेरी आमच्याकडे आलीय. शनिवारी रात्री अकराच्या सुमाराला कंडोम फाटला. रविवारी दुपारी एकला तिने ती ७२ तासांची गोळी (गर्भ राहू नये म्हणून नंतर घेतात ती) घेतली, म्हणजे १४ तासांत, नंतर उलटी नाही काही नाही, त्यामुळे ती निर्धास्त होती.

पण तिला शाळेत असल्यापासून फिट्स येतात आणि ती रोज दोन वेळा कार्बामाझेपिन घेते. गेल्या चार वर्षांत एकदाही फिट आलेली नाही, म्हणून आपण औषधावर आहोत हेच तिच्या डोक्यात नसतं, जेवल्यावर बडीशेप घ्यावी तशी ती गोळी तोंडात टाकते आणि उठते.

मघाशी चहा पिताना तिने पर्समधून खोकं काढलं, म्हणाली "वहिनी, हे कुठे टाकू गं, आईला दिसेल". आत एकच गोळी बसेल एवढी रिकामी पट्टी आणि एक कागद, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मुंगीएवढी अक्षरं आणि सगळं इंग्लिश. मोबाईलचा टॉर्च लावून वाचत गेले तर खाली कुठेतरी फिटच्या औषधांची नावं, त्यात हिचं औषध, आणि त्यांच्यासोबत गोळीचा असर कमी होतो असं लिहिलेलं. माझा चहा तसाच राहिला.

फार्मसीत तिला कोणी काही विचारलं का, तर नाही. ती तोंडाला ओढणी बांधून गेली होती, त्याने गोळी पेपरात गुंडाळून दिली, पैसे घेतले, संपलं. "दुसरं काही औषध चालू आहे का" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि हिने आपणहून सांगितलं नाही म्हणून तिलाही मी बोलणार नाही, मागे तीन माणसं उभी, त्यातला एक तिच्या सासऱ्यांच्या ओळखीचा.

काळजी दुप्पट आहे कारण गोमेकॉतल्या (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) न्यूरोच्या डॉक्टरनी लग्नाआधीच सांगून ठेवलंय की मूल हवं असेल तेव्हा आधी माझ्याकडे ये, औषध बघू, फॉलिक अ‍ॅसिड चालू करू, मग पुढे. या औषधाने बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहायचा धोका वाढतो म्हणून. तिला मूल हवंय, पण असं नको.

आज सोमवार, दुपारचे चार, म्हणजे ४१ तास झालेत. अजून एक गोळी आणून देऊ का? की कॉपर-टी? ती अजून आई झालेली नाही, तिला बसवतात का? आणि कुठे जायचं, म्हापसा की बांबोळी? प्लीज "काही होत नाही, देवावर सोड" असं लिहू नका.

प्रतिसाद १
माझ्या बहिणीने अशा गोळ्या चारपाच वेळा घेतल्यात, काही झालं नाही. घाबरू नका. फक्त पाळी पुढेमागे होते.

प्रतिसाद २
वरच्या ताईंच्या बहिणीला फिटचं औषध चालू नसणार, म्हणून ते इथे धरू नका. मी प्रसूती विभागात बरीच वर्षं नर्स होते, आता रिटायर. नीट सांगते.

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, १.५ मिलीग्रॅम. ते बीज बाहेर पडणं लांबवतं, बस्स, तेवढंच तिचं काम. गर्भ राहिलेला असेल तर ती पाडत नाही, गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, दोन्हीत गल्लत करू नका. आता कार्बामाझेपिन, फेनिटॉइन अशी काही फिटची औषधं आणि टीबीचं रिफाम्पिसिन लिव्हरला जास्त कामाला लावतात, त्यामुळे गोळीतलं हार्मोन शरीरातून लवकर निघून जातं. फिटच्या सगळ्याच औषधांचं असं नसतं, लेव्हेटिरासिटामने नाही होत. अशा बाईला मुळात एकाच वेळी दोन गोळ्या सांगतात, पण त्याचीही तेवढी खात्री देता येत नाही. दुसरी आता घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारा, पण गोळीच्या भरवशावर कॉपर-टी टाळू नका.

कॉपर-टी ५ दिवसांच्या आत बसवली तर इमर्जन्सीसाठी तिच्याएवढं खात्रीचं दुसरं काही नाही, ९९ टक्क्यांच्या वर, आणि तिच्यात हार्मोनच नाही म्हणून फिटच्या औषधाचा काही संबंध येत नाही. मूल न झालेल्या बाईला बसवता येते, बसवत नाहीत हा जुना समज आहे. तुमच्या हिशोबाने गुरुवारी रात्री अकरापर्यंत वेळ आहे, तरी उद्या सकाळीच जा. आणि ओपीडीत नुसतं "कॉपर-टी हवी" म्हणू नका, नाहीतर पाळीच्या वेळी या म्हणून परत पाठवतील. सरळ सांगा की शनिवारी रात्री कंडोम फाटला, कार्बामाझेपिन चालू आहे, गोळी घेतली आहे, इमर्जन्सीसाठी हवी. फिटच्या औषधाची चिठ्ठी बरोबर घ्या.

प्रतिसाद ३
सरकारी हॉस्पिटलात कॉपर-टी फुकट असते, खासगीत जायची गरज नाही. नवऱ्याची सही लागत नाही, कोणी मागितली तर शांतपणे लागत नाही म्हणून सांगा.

मूळ प्रश्नकर्ती, मंगळवार रात्र
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः नर्सताईंचे. सकाळी सातच्या बसने निघालो. खिडकीवर पहिल्यांदा "पाळी आल्यावर या" हेच ऐकलं, ती लगेच मागे फिरायला लागली, मी तिचा हात धरला आणि तुम्ही लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं मोबाईलवरून वाचलं. मग आत पाठवलं. आत बसलेल्या डॉक्टर तरुण होत्या, त्यांनी आधी युरिन टेस्ट केली, औषधाची चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या बरं केलं आलात. दहा मिनिटांचं काम होतं. पोटात कळ आली, हिने माझं बोट इतकं दाबलं की अजून दुखतंय, बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडली, दुखलं म्हणून नाही. येताना पणजीच्या स्टँडवर भजी खाल्ली दोघींनी.

डॉक्टरनी आणखी एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं, की तिच्या औषधाबरोबर रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा भरवशाच्या नाहीत. कॉपर-टी नको असती तर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन चाललं असतं. तिने कॉपर-टीच ठेवायची ठरवलंय, मूल हवं होईल तेव्हा काढून घ्यायची, तोवर न्यूरोच्या डॉक्टरना भेटून औषधाचं बघायचं.

तीन आठवड्यांनी युरिन टेस्ट परत करायला सांगितलीय. कालनिर्णयावर त्या शनिवारी मी पेन्सिलने एक टिंब करून ठेवलंय, सासूबाईंना वाटेल दुधाचा हिशोब.

आता एकच विचारायचंय. त्या फार्मसीत जाऊन मी बोलू का? भांडायला नाही. फिटचं किंवा टीबीचं औषध चालू आहे का, असलं तर आधी डॉक्टरकडे जा, एवढं मराठीत आणि कोंकणीत मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद काउंटरवर लावा म्हणून सांगायला. मीच लिहून नेईन. मजकूर कसा असावा ते कोणी सुचवाल का?