शाळेच्या प्रदर्शनासाठी शोधाचा विषय सुचवा, फक्त एडिसनचा बल्ब नको

आठवीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, गड्ड्याच्या (आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि विषय दिलाय प्रसिद्ध शोध आणि त्यामागची माणसं. गेल्या वर्षी मी स्वतः फिरून मोजलं, अकरा टेबलांवर एडिसन आणि बल्ब, चार टेबलांवर न्यूटन आणि सफरचंद (एकीने खरं सफरचंद ठेवलं होतं, ते दुपारपर्यंत कुणीतरी खाऊन टाकलं). पोरीचं म्हणणं यावेळी असं काहीतरी पाहिजे की बघणारा दोन मिनिटं थांबला पाहिजे. बजेट फार नाही, थर्माकोलचं काही करायचं नाही, आणि नुसती प्रिंटआऊट चिकटवायची नाही असं बाईंनी सांगितलंय. सुचवा काहीतरी, सोलापूरशी संबंध लागला तर अजून बरं.

नवीपेठकर
ताई, बल्बच घ्या पण उलटा घ्या. एडिसनने बल्ब "शोधला" हेच अर्धवट आहे. तिकडे इंग्लंडात न्यूकॅसलला जोसेफ स्वान नावाचा माणूस तेच करत होता, कार्बनच्या तंतूचा दिवा त्यानेही त्याच सुमारास म्हणजे १८७८-७९ मध्ये लोकांना दाखवला. नंतर दोघांनी भांडत बसण्यापेक्षा १८८३ साली एकत्र कंपनी काढली, नावसुद्धा दोघांचं जोडून, एडिस्वान. एडिसनचं खरं डोकं दिव्यापेक्षा जास्त चाललं ते वीज घरोघरी पोचवायच्या सगळ्या व्यवस्थेत, जनित्रापासून मीटरपर्यंत. पण हे टेबलावर दाखवायचं कसं ते मला विचारू नका.

कडक_भाकरी
मराठी माणूस घ्या की. शंकर आबाजी भिसे. मुंबईत १८६७ ला जन्म, छपाईचे टाइप ओतायचं यंत्र काढलं, इंग्लंड-अमेरिकेत जाऊन पेटंटं घेतली, १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये वारले. किती जणांना माहीतय? नाहीतर सरळ शिवकर तळपदेंचं विमान घ्या, राइट बंधूंच्या आधी आपल्या माणसाने चौपाटीवर उडवलं.

नवीपेठकर
भिसे एकदम बरोबर. विमानाचं मात्र राहू दे बे. १८९५ ला ते उडलं असं सांगणारा त्या काळातला एक भरवशाचा कागद दाखव, मग बोलू. ज्या वैमानिक शास्त्र नावाच्या ग्रंथाचा लोक हवाला देतात त्यातली विमानं बंगळूरच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेच्या लोकांनी १९७४ मध्ये तपासली, उडण्यासारखी एकही निघाली नाही. परीक्षकांपुढे पोरीला कशाला अडचणीत आणायचं.

कडक_भाकरी
बरं बाबा, भिसे फायनल. चिडतो कशाला.

मग्गमवाला
ताई, सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत राहता का? असाल तर खिडकी उघडा, शोध ऐकू येईल. खट खट खट.

आमच्या घरात तेलुगू बोलतात, मागाला आम्ही मग्गम म्हणतो, म्हणून हे नाव घेतलंय. आजोबांच्या कारखान्यात चादरीचे चार माग होते. लहानपणी मला कळायचंच नाही की आडवा-उभा धागा टाकून मोर कसा येतो, मोर काढणारा तर कुणी दिसत नाही. एक दिवस आजोबांनी उचलून वर बघायला लावलं. मागाच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरतीय, एकाला एक दोऱ्याने शिवलेल्या, आणि प्रत्येक पट्टीला भोकंच भोकं. कडा तेलाने काळ्या झालेल्या. म्हणाले मोर तिथं बसलाय.

त्या सांगाड्याला आपण जकार्ड म्हणतो, आणि निम्म्या गावाला माहीत नाही की ते माणसाचं आडनाव आहे. जोसेफ मारी जकार्ड, फ्रान्समधल्या ल्यों गावचा, बापसुद्धा विणकरच. १७५२ चा जन्म, १८०४ ला यंत्र. त्याआधी नक्षीचं रेशीम विणायचं तर मागाजवळ एक पोरगा बसवायचे, प्रत्येक आडव्या धाग्याला कुठले उभे धागे उचलायचे त्या दोऱ्या तो ओढणार, दिवसभर. जकार्डने तो पोरगा काढला आणि पुठ्ठा बसवला. पट्टी पुढे आली की तिच्यावर सुयांची रांग टेकते. भोक असलं तर सुई आत जाते, तिला जोडलेला आकडा (हुक) जागेवर राहतो आणि वर जाणारी लोखंडी पात त्याला उचलते, धागा वर. भोक नसलं तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा पातीवरून सुटतो, धागा खालीच. एक पट्टी म्हणजे एक आडवा धागा. मोर मोठा पाहिजे तर माळ लांब करा, माग तोच राहतो, नुसती माळ बदलली की मोराचा कमळ होतो. पूर्वी पंचिंगवाला आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायचा आणि मग एकेक ओळ बघून पट्टीला भोकं मारायचा. एक भोक चुकलं की पूर्ण चादरीत तेवढ्याच जागी तेच चुकलेलं, मोराच्या मानेला टिपका. आमच्याकडे अशी एक चादर अजून आहे, विकली गेली नाही म्हणून घरातच पांघरली.

नेपोलियनने हे यंत्र सार्वजनिक करून टाकलं, जकार्डला पेन्शन लावली आणि प्रत्येक मागामागे थोडे पैसे. विणकर अर्थात खवळले, पोटावर पाय कुणाला आवडतो.

नवीपेठकर
भारी. पण बल्बला जो न्याय लावला तोच इथेही लावू या. भोकांची कल्पना जकार्डची नाही. ल्योंच्याच बुशोंने १७२५ ला भोकं पाडलेला कागदाचा गुंडाळा मागाला लावला होता, १७२८ ला फाल्कोंने गुंडाळ्याच्या जागी माळेत ओवलेले पुठ्ठे आणले, १७४५ ला वोकांसोंने माणसाची मदत न लागणारा माग केला. हा वोकांसों म्हणजे तो, ज्याने पंख हलवणारं, दाणे खाणारं यांत्रिक बदक केलं होतं. त्याचा माग पॅरिसच्या संग्रहालयात धूळ खात पडला होता, जकार्डने तो पाहिला, जोडणी केली आणि रोज कारखान्यात चालेल असा करून दिला. नाव कुणाचं राहिलं बघा.

मग्गमवाला
मान्य आहे भाऊ. पण कारखानदाराला विचार, "कल्पना होती" आणि "रोज चालतो" यात किती फरक असतो. अर्धा जन्म त्या फरकातच जातो.

हिंजवडीत_अडकलेला_सोलापूरकर
ही माळ पुढे कुठं गेली ते कुणी बोललंच नाही, आणि माझी नोकरी त्यावर चाललीय म्हणून लिहितो. लंडनचा चार्ल्स बॅबेज १८३०च्या दशकात गणितं करणारं मोठं यंत्र आखत होता. आकडे आणि हुकूम त्यात घालायचे कसे, तर जकार्डचे पुठ्ठे. त्याच्याकडे जकार्डचं चित्र होतं, लोकांना वाटायचं छापलेलं आहे, प्रत्यक्षात रेशमात विणलेलं, त्याला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो ते कौतुकाने दाखवायचा. यंत्र काही त्याच्या हयातीत पूर्ण झालं नाही. पण १८४३ साली एडा लव्हलेसने त्यावर टिपणं लिहिली, जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं अशा अर्थाचं तिने लिहिलंय. त्याच टिपणांमुळे तिला पहिली प्रोग्रामर म्हणतात. मुलीच्या टेबलावर एक बाई पाहिजे असेल तर ही घ्या.

नंतर अमेरिकेत हर्मन हॉलरिथने १८९० च्या जनगणनेला भोकांची कार्डं वापरली, त्याची कंपनी दुसऱ्या कंपन्यांत मिसळत १९२४ ला आयबीएम ही कॉम्प्युटरवाली कंपनी झाली. म्हणजे आपल्या चादरीतल्या मोराचा आणि माझ्या लॅपटॉपचा पूर्वज एकच. ऑफिसात हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही, वर चादरीची ऑर्डर मात्र सहा जणांनी दिली.

आठवीची_आई
अहो मी जेवायचं सोडून वाचत बसलेय. विषय ठरला, पोरगी उड्या मारतीय. पण मॉडेल? माग तर टेबलावर नेता येणार नाही.

मग्गमवाला
सोपं करतो. सायकलच्या चाकातल्या आठ जुन्या तारा घ्या, पंक्चरवाला फुकट देईल, तिचं एक डोकं वाकडं असतंच. बुटाच्या खोक्याच्या झाकणाला ओळीत आठ भोकं, तारा वरून सोडा, वाकडं डोकं वर अडकेल. आत चार बोटं खाली तशाच भोकांचा दुसरा पुठ्ठा बसवा नाहीतर तारा तिरप्या होतात, आमची झाली होती. तारा वर उचलून धरायच्या, दुसऱ्या पुठ्ठ्याच्या लगेच वर बाजूने भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड सरकवायचं आणि तारा सोडायच्या. भोक असेल तिथली तार खाली जाते, नसेल तिथली वर उभी राहते. खऱ्या मागावर भोकाला धागा वर जातो, इथे उलटं आहे, ते पोरीला आधीच सांगून ठेवा, परीक्षक तिथंच पकडतील.

हिंजवडीत_अडकलेला_सोलापूरकर
आठ तारा! अहो म्हणजे एक बाइट झाला की, कॉम्प्युटरमधला आठ शून्य-एकांचा गट. कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी एस अक्षराचा नंबर ८३, तो शून्य-एकमध्ये लिहिला तर ०१०१००११. म्हणजे डावीकडून दुसरं, चौथं, सातवं आणि आठवं भोक पाडायचं, बाकी बंद. सोलापूरचा एस. शेजारी खरी चादर अंथरा.

आठवीची_आई
काल रात्री करून बघितलं. एस आला!! पण चौथ्यांदा कार्ड घातलं तर वहीचा पुठ्ठा दुमडला आणि तिसरी तार पण खाली गेली, पोरगी म्हणते हा कुठला अक्षर.

मग्गमवाला
०१११००११, तेही इंग्रजी एसच ताई, फक्त लहान लिपीतला, विचारा हिंजवडीवाल्याला 😄 वहीचा पुठ्ठा मऊ पडतो, लग्नपत्रिका घ्या, जाड बघून. घरात पडलेल्या असतीलच. आणि चादर पाहिजे असेल तर आमची टिपकावाली न्या, मोराच्या मानेवर बोट ठेवून सांगता येईल की इथं एक भोक चुकलं होतं.