जिताड्यासाठी घरी केलेला लुअर (गळ लावलेला नकली मासा) : तार किती गेजची, गळ किती नंबरचे?

खाजणकाठ
पांगाऱ्याच्या लाकडाचा 11 सेंमीचा, पॉलिकार्बोनेटच्या जिभेचा लुअर करतोय. खाडीत, खाजणाच्या कडेने जिताडा आणि तांबोशीसाठी. 30 पाउंडी ब्रेड (विणलेली दोरी), 50 पाउंडी लीडर (लुअरच्या पुढचा दोरीचा मजबूत तुकडा). आरपार तार घालू की आय-स्क्रू (कडीवाले स्क्रू) पुरतील? हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘एसएस’ म्हणून 18 आणि 16 गेज मिळते, त्यातली कोणती? ट्रेबल (तीन टोकांचे गळ) 2 नंबरचे की 1/0? बादलीत नमुना सरळ तरंगतो, पण गळ लावले की शेपटीकडून बसतो.

तारकाम
तांबोशी असेल तर आरपारच. पांगारा मऊ, स्क्रूचे आटे त्यात धरत नाहीत. मासा खारफुटीच्या मुळांत शिरायला लागला की ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आवळावाच लागतो आणि तेव्हाच स्क्रू उपटून येतो. आरपार तारेत लाकूड फुटलं तरी मासा दोरीला राहतो.

18 गेज पुरे. आपल्याकडच्या एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) मापात ती 1.22 मिमी, 16 म्हणजे 1.63. ऑनलाइन मागवताना मिमी बघा, कारण अमेरिकन मापातली 18 फक्त 1.02 मिमी असते. तुमच्या लुअरला साधारण 30 सेंमी तार लागेल : 18 गेजची 2.8 ग्रॅम, 16 ची 5. ते सव्वादोन ग्रॅम लुअरच्या पोटात बसवायच्या शिशात गेलेले बरे, कारण शिसं हवं तिथे सरकवता येतं.

‘एसएस’ म्हणजे नुसतं स्टेनलेस स्टील, त्यावर विसंबू नका, 316 ग्रेड मागा. 304 ला खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात, तेही जिथे तार लाकडातून बाहेर येते तिथे, म्हणजे दिसत नाहीत तिथे. चुंबकाची परीक्षा फसवी आहे. ओढून कडक केलेली 304 थोडी चिकटते, पण नरम केलेली अजिबात नाही. सोपा मार्ग : वेल्डिंगच्या दुकानातला 316एल चा 1.2 मिमी टिग फिलर रॉड (टिग वेल्डिंगमध्ये भर घालायची तार). सरळ मिळतो आणि ग्रेड लिहिलेला असतो. बाइंडिंग वायर आणि पितळ विसरा.

कडी 3 मिमी ड्रिल बिटावर वळवा. पोटाच्या कडीच्या मानेला एक पूर्ण पीळ द्या, नाहीतर ओढीखाली ती उघडते. शेपटीला पाच-सहा पीळ, आणि टोक लाकडाच्या आत. तार 120 च्या पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसा, मगच इपॉक्सी. पाच मिनिटांवाली नको, ती पाण्यात मऊ पडते; सावकाश घट्ट होणारी घ्या.

गळ_नंबर_दोन
तार वळवण्याआधी गळ ठरवा. कड्यांमधलं अंतर गळावरून येतं, उलट नाही.

11 सेंमीच्या लुअरला 2 नंबर, 4एक्स. 1/0 दोन पायऱ्या मोठा (2, 1, 1/0), वजनाने लुअरचं डोलणं मारतो. 2 नंबर साधा घेतलात तर तांबोशी तो सरळ करते. 4एक्स म्हणजे तीच मापं, तार जाड. पुढचा गळ मागे आणि मागचा पुढे वळवून बघा. टोकं एकमेकांना लागली तर फेकताना गुंतणारच. पुढचा गळ पाठीवर चढतो का तेही बघा.

स्प्लिट रिंग (गळ कडीला जोडणारी दुहेरी वेढ्याची रिंग) लीडरपेक्षा मजबूत हवी, इथे 60 पाउंडांच्या वर. काही तुटायचंच असेल तर दोरी तुटू दे.

शेपटीकडून बसतो कारण शिसं गळांशिवाय बसवलंय. आधी लाकूड सील करा, नाहीतर ते पाणी पितं आणि चाचणी खोटी ठरते. मग गळ-रिंगा लटकवून शिशाचे तुकडे पोटाला टेपने चिकटवा, सरकवत जा, सरळ तरंगला की तिथेच भोक. तरीही शेपूट जड वाटली तर मागचा गळ 4 नंबरचा. किंवा मागे सिंगल इनलाइन (एकाच टोकाचा, सरळ डोळ्याचा गळ) लावा, टोक वर. मुळांत कमी अडकतो आणि मासा सोडायचा असेल तर सोपा. मात्र ट्रेबल काढून सिंगल लावताना सोन्याचांदीच्या काट्यावर दोन्ही तोला. नंबर जुळवू नका, ग्रॅम जुळवा.

खाजणकाठ
टिग रॉड मिळाला, पण हाताला मऊ लागतोय. गॅसवर तापवून पाण्यात बुडवला तर कडक होईल?

तारकाम
अजिबात नको. हे स्टील तापवून कडक होत नाही, उलट नरम पडतं. पीळ देतानाच ते कडक होतं. एकदाच वळवा, चुकलं तर उलटं सरळ करत बसू नका, नवा तुकडा घ्या. पुढे-मागे वाकवलेली जागाच तुटते. नाकाची (दोरी बांधायची) कडी मऊ असणं उलट सोयीचं : लुअर उजवीकडे पळाला तर कडी पक्कडने किंचित डावीकडे, झालं.

उधाण
बादलीबद्दल एक राहिलं. साध्या पाण्यात अधांतरी राहणारा 30 ग्रॅमचा लुअर समुद्राच्या पाण्यात पाऊण ग्रॅमने हलका पडून वर येतो. उन्हाळ्यासाठी लिटरला 35 ग्रॅम मीठ घालून तपासा. पावसाळ्यात खाडी गोडी होते, तेव्हा साध्याच पाण्यात.