कंपनीबद्दल काहीही लिहिण्याआधी परवानगी घ्यायची, हा नियम असावा का?

रानवाट
मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत एक वाक्य हमखास असतं: कंपनीशी संबंधित कोणताही मजकूर समाजमाध्यमांवर टाकण्याआधी जनसंपर्क विभागाची लेखी परवानगी घ्यावी. माझ्या मते हे वाक्य काढून टाकायला हवं. पन्नास हजार माणसं कामाला असतील तिथे ते पाळलं जाऊच शकत नाही. लिंक्डइनवर भरती, प्रशिक्षण, पदोन्नती यांच्या पोस्टी रोज पडतात. कुणी परवानगी मागत नाही, कुणी हरकत घेत नाही. मग एखादा कामाच्या तासांबद्दल लिहितो आणि नेमका त्याच्यावर हा नियम उगारला जातो. सगळेच मोडतात असा नियम शेवटी नावडत्या माणसावरच वापरला जातो.

त्यापेक्षा मनाई कशाला आहे ते नावानिशी लिहा: जाहीर न झालेले आर्थिक आकडे, ग्राहक कंपनीचं नाव आणि तिच्या कामाचा तपशील, कुणाचीही वैयक्तिक माहिती, सुरक्षाव्यवस्थेचे तपशील. बाकी मोकळं. शंका आली तर विचारायला एक माणूस नेमा आणि त्याने त्याच दिवशी उत्तर द्यावं.

तळटीप
यादी चांगली आहे, पण ‘बाकी मोकळं’ हे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला चालणार नाही. कोणती माहिती शेअरच्या भावावर परिणाम करेल हे ती हाताळणाऱ्याला बहुधा कळत नसतं. विक्री विभागातला कुणी लिहितो, ‘दोन वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं, आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर पक्की!’ यात आकडा नाही, ग्राहकाचं नाव नाही. पण तो कोणता देश आणि कोणतं क्षेत्र सांभाळतो ते त्याच्याच प्रोफाइलवर असतं, आणि खाली ग्राहक कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने ‘अभिनंदन’ लिहिलेलं असतं. विश्लेषकाला एवढं पुरेसं आहे.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअर व्यवहार) नियमांत मार्च २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. नेहमीच्या व्यवहाराबाहेरची ऑर्डर मिळणं किंवा रद्द होणं हेही आता भावसंवेदनशील माहितीच्या व्याख्येत येतं. कामाच्या रीतसर गरजेशिवाय अशी माहिती दुसऱ्याला देणं हाच मुळात भंग आहे, देणाऱ्याने एकही शेअर घेतला नसला तरी. दंड किमान १० लाख रुपये, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल ते. कंपनीच्या आत घडलेली महत्त्वाची घटना शेअर बाजाराला (एक्सचेंजला) कळवायला १२ तास मिळतात. पोस्ट आधी आणि सूचना नंतर असं झालं, तर खुलासे देत बसावं लागतं कंपनी सचिवाला.

कोरा कागद
पोस्ट तर सगळ्यांनाच दिसते. मग ती गळती कशी? लपून चार जणांना सांगणं वेगळं, उघड सांगणं वेगळं.

तळटीप
नेटफ्लिक्सच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला होता. जुलै २०१२ मध्ये प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी स्वतःच्या फेसबुकवर लिहिलं, की जूनमध्ये प्रेक्षकांनी १ अब्ज तासांहून जास्त वेळ पाहिलं. दोन लाखांवर लोक त्यांना फॉलो करत होते, तरी अमेरिकेतल्या एसईसी या बाजार नियामक संस्थेने चौकशी केली. एप्रिल २०१३ मध्ये तिने भूमिका स्पष्ट केली: समाजमाध्यमं चालतील, पण माहिती कोणत्या खात्यावर येणार ते गुंतवणूकदारांना आधी सांगितलेलं असावं. तो अमेरिकेचा कायदा आहे. तर्क मात्र इथेही लागू पडतो. आपल्याकडे ती जागा एक्सचेंजची वेबसाइट.

रानवाट
ते उदाहरण प्रमुखाचं आहे, कनिष्ठ अभियंत्याचं नाही. आपल्याकडचं गाजलेलं प्रकरण २०१७ चं: तिमाही निकाल जाहीर होण्याआधीच बड्या कंपन्यांचे आकडे व्हॉट्सअॅप गटांत फिरत होते. सेबीने संदेश पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. मार्च २०२१ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला, कारण ही कंपनीतून फुटलेली माहिती आहे हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं, असं सिद्ध झालं नाही. अशा गटात आकडा टाकणारा जनसंपर्क विभागाला विचारायला जाईल का? परवानगीचा नियम तिथे पोचतच नाही.

उपयोगी पडते ती सेबीने सक्तीची केलेली डिजिटल नोंदवही: संवेदनशील माहिती कुणी, कुणाला, केव्हा दिली, पॅन क्रमांकासकट. नोंद झाली त्याच दिवशी त्या माणसाला दोन ओळींचा निरोप द्या: तुमचं नाव नोंदलं आहे, एक्सचेंजवर सूचना येईपर्यंत याबद्दल बाहेर बोलायचं नाही. वीस पानी आचारसंहितेपेक्षा हा निरोप जास्त काम करतो.

भोंगा
कारखान्यांचा विचार कुणी करणार आहे का? वायुगळती झाली की दहा मिनिटांत आतून व्हिडिओ बाहेर पडतो. सगळ्यात घातक असतो त्यावरचा मथळा. गळतोय क्लोरीन आणि लिहिलंय ‘अमोनिया’, असं झालं तर लोक उलटं वागतात. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड, तो जमिनीलगत आणि तळघरात साचतो. त्यापासून वाचायला वर चढायचं आणि वाऱ्याला आडवं निघायचं असतं. शिवाय जखमी माणसाचा चेहरा घरच्यांना फोन जाण्याआधी मोबाइलवर दिसतो. म्हणून घटनास्थळाचं चित्रण पूर्ण बंद हवं, या बाबतीत मी तळटीप यांच्या बाजूने.

पण धोक्याबद्दल बोलण्यावर कुलूप नको. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दोन गोष्टी आल्या: परिसरातल्या जनतेला धोक्याची माहिती देण्याची मालकाची जबाबदारी आणि आसन्न धोका दिसला तर लक्षात आणून देण्याचा कामगाराचा हक्क. कंपनीचं पहिलं निवेदन तासाभरात यायला हवं: काय गळलं, कुठल्या प्लांटमधून, वारा कुठे वाहतोय, लोकांनी काय करायचं, पुढची माहिती किती वाजता. ते आलं नाही तर आतल्यांचे व्हिडिओ थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही.

चौकट
फोटोंबद्दल थोडक्यात. ओळखपत्र गळ्यात असेल तर काढून ठेवा, त्यावरून हुबेहूब नकली कार्ड छापता येतं. मागचा फळा, चालू मॉनिटर, गेटवरची नोंदवही तपासा. कापलेल्या स्क्रीनशॉटवर डोळे झाकून विसंबू नका: मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगल पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनाने कापलेल्या चित्राचा उडवलेला भाग फाइलमध्येच राहत होता आणि काही अंशी परत मिळवता येत होता. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ठिकाणाची नोंदही सोबत जाते.

पारिजात
सगळे टीकेवर आणि गळतीवर बोलताहेत. कौतुकाचं काय? कंपनी तयार मजकूर देते आणि शेकडो कर्मचारी ‘हे अॅप वापरून पाहा, अप्रतिम’ असं टाकतात. जाहिरात मानक परिषदेची जून २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आणि ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या सूचना, दोन्हींत नोकरीचं नातं उघड करायला सांगितलं आहे. दिशाभूल ठरली तर ग्राहक संरक्षण कायद्यात दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. ‘मी इथे नोकरी करतो’ हे पोस्टच्या पहिल्या ओळीत हवं. प्रोफाइलमध्ये लिहिलं आहे, हे उत्तर पुरत नाही, कारण पोस्ट वाचणारा तिथवर जात नाही. हा मुद्दा धोरणात घालायचा आग्रह मी तरी सोडणार नाही.

तळटीप
पटलं. रानवाट, तुमच्या नोंदवहीच्या मुद्द्यावर मी अर्धा मागे येतो. सरसकट परवानगी नको. पण वित्त, विक्री आणि विधी विभागांना तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास उलटेपर्यंत कंपनीच्या व्यवसायाबद्दल काही लिहायचं तर परवानगी लागावी. आतली माहिती असणाऱ्यांसाठी शेअर व्यवहारांची खिडकी याच काळात बंद असते, म्हणजे त्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत, तारखा लोकांना पाठ असतात.

रानवाट
विभागांना नको, नोंदवहीतल्या नावांना लावा. विक्री विभागात हजारो माणसं असतात, मोठी ऑर्डर त्यातल्या मोजक्यांनाच ठाऊक असते. आणि त्याच पानावर हेही छापा: ‘स्वतःचा पगार, कामाचे तास आणि कामाच्या जागेची परिस्थिती याबद्दल लिहायला कुणाचीही परवानगी लागत नाही.’

तळटीप
छापू. त्यापुढे एवढं जोडा: रोस्टरचा किंवा सहकाऱ्याच्या पगारपत्रकाचा स्क्रीनशॉट नको. विभाग की नावं, यावर माझं म्हणणं कायम आहे. नोंदवहीत नाव चढायला दोन दिवस लागतात आणि पोस्ट पडते पहिल्याच संध्याकाळी.